सीमध्ये एरर नाही, तरी उत्तर चूक: आधी डिक्लेरेशनची ओळ बघा

"सर, बिल मायनस येऊलालंय की ओ."

दर बॅचला पहिल्या पंधरवड्यात कोणीतरी हे म्हणतंच. सोलापुरात कन्ना चौकाच्या अलीकडे एका गाळ्यात मी संध्याकाळी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. निम्मी पोरं डिप्लोमाची, निम्मी बीसीएची, आणि बऱ्याच जणांच्या घरी माग तरी आहे नाहीतर चादरी-टॉवेलचं दुकान तरी. त्यामुळे पहिला प्रोग्राम ठरलेला असतो, चादरीचं बिल. दर २५०, नग १५०, दोन्हींचा गुणाकार, संपलं. आणि स्क्रीनवर येतं −२८०३६.

यावेळी ज्या मुलीचं असं झालं तिने तासभर फॉर्म्युल्याशी झटापट केली होती. आधी दर गुणिले नग, मग नग गुणिले दर, मग कंस घालून. तिन्ही वेळा तेच. "गिऱ्हाइकाला चादरी पण द्यायच्या आणि वर अठ्ठावीस हजार पण आपणच द्यायचे का?" तिचा प्रश्न रास्त होता. पण दोन आकड्यांच्या गुणाकारात चुकण्यासारखं आहे काय? चूक तीन ओळी वर होती, जिथे तिने "इंट दर, नग, बिल;" असं लिहिलं होतं. हेच डिक्लेरेशन: कोणत्या नावाच्या डब्यात (व्हेरिएबलमध्ये) कसला आकडा राहणार ते सांगायचं, आणि इंट म्हणजे पॉइंट नसलेला आकडा. ती ओळ तिने एकदाही पुन्हा वाचली नव्हती. कोणीच वाचत नाही. व्हेरिएबल डिक्लेअर करणं म्हणजे हजेरी लावल्यासारखं, एकदा लावली की विसरायची, असा सगळ्यांचा समज असतो.

प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, आणि उत्तर तेवढं चुकतं, असा प्रकार असेल तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा रोग डिक्लेरेशनमध्ये असतो आणि फॉर्म्युला बिचारा उगाच मार खातो. म्हणून खाली जे लिहिलंय ते लक्षणावरून सुरू केलंय. तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते बघा आणि त्या भागाकडे जा.

एक सूचना. इथे कोडच्या ओळीही देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे मोबाइलवर वाचताना लिपी बदलत राहायला नको. टाइप करताना अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. आणि "चल", "पूर्णांक" वगैरे पुस्तकी शब्द मी वापरत नाही, कारण वर्गात ते कोणी वापरत नाही.

लक्षण पहिलं: आकडा मोठा झाला की मायनस, किंवा भलताच

ही वरच्या बिलाची केस. इथे पहिला प्रश्न विचारायचा, कंपायलर (आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देणारं सॉफ्टवेअर) कोणता? आपल्याकडे कितीतरी लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे. निळी स्क्रीन, डॉसबॉक्समध्ये चालणारी. बोरलँडने टर्बो सी १९८७ साली आणलं ते १६ बिटच्या डॉससाठी, आणि त्यात इंटला मिळतात २ बाइट. दोन बाइटमध्ये मावतं −३२७६८ ते ३२७६७ एवढंच. आपलं बिल ३७५००. मावलं नाही.

मग ते −२८०३६ नेमकं कुठून आलं? मागावरचा पिक काउंटर (आडवे धागे मोजणारा) बघितला असेल तर लगेच कळेल. चार घरांचा काउंटर ९९९९ नंतर दहा हजार दाखवत नाही, पुन्हा ०००० वर येतो. इंटचं तसंच, फक्त त्याची खालची पायरी शून्य नसून −३२७६८ आहे. ३२७६७ च्या पुढे एक वाढला की तो थेट तळाला जातो आणि तिथून वर चढायला लागतो. हिशोब सोपा आहे: −३२७६८ ते ३२७६७ मिळून एकूण आकडे ६५५३६, तेवढे ३७५०० मधून वजा करा. −२८०३६. मुलीने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला, कारण तोपर्यंत तिला वाटत होतं कॉम्प्युटरच बिघडलाय. (नियमाने बघायला गेलं तर इंटच्या मर्यादेबाहेर गेल्यावर काय व्हावं हे सीने ठरवूनच दिलेलं नाही. टर्बोवर प्रत्यक्षात असं घडतं, एवढंच. त्याच्यावर विसंबून काही लिहू नका.)

मायनस आलं म्हणजे नशीब चांगलं, निदान संशय तरी येतो. घात होतो तो भलताच पण प्लस आकडा आल्यावर. सोलापूरचा पिनकोड ४१३००१ टर्बोमध्ये इंटमध्ये ठेवून छापा. १९७८५ येतं. पत्त्यांच्या यादीत असा आकडा कोणाच्या नजरेला खुपणारही नाही.

उपाय म्हणून सगळे इंटच्या जागी लाँग, म्हणजे त्याहून मोठा टाइप, लिहितात. बरोबर आहे, पण अर्धंच. ही ओळ बघा:

लाँग बिल;
बिल = दर * नग;

दर आणि नग अजून इंटच आहेत. मग गुणाकार होतो इंटमध्ये, तिथेच तो ओसंडतो, आणि ओसंडून झाल्यावर उरलेला आकडा लाँगच्या प्रशस्त डब्यात नेऊन ठेवला जातो. डबा कितीही मोठा घ्या, वाटेतच सांडलं त्याला काय करणार? उजव्या बाजूला निदान एक तरी लाँग हवा:

बिल = (लाँग)दर * नग;

आणि छापताना प्रिंटएफमध्ये, आकडा कसा छापायचा ते सांगणारी खूण "%डी" नाही, "%एलडी". हा तिसरा बदल विसरला की पहिले दोन केलेले असूनही उत्तर चुकीचंच दिसतं, आणि मग पोरं म्हणतात, "लाँग करून पण बघितलं सर, काय फरक पडत नाही." तीन ठिकाणी बदल, एकही सोडायचा नाही.

घरी लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर असेल तर हेच बिल काही न करता बरोबर येतं, कारण तिथे इंट ४ बाइटचा असतो, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. म्हणून "घरी बरोबर, लॅबमध्ये चूक" ही तक्रार ऐकली की मी दुसरं काही विचारत नाही. सीने इंटचा आकार दगडावर कोरलेला नाही, कमीत कमी १६ बिट हवेत एवढंच म्हटलंय. लाँगचं तर आणखी गमतीचं: ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइट आणि विंडोजवर ४. तुमच्या मशीनवर काय आहे ते अंदाजाने सांगू नका, साइझऑफ इंट आणि साइझऑफ लाँग छापून बघा. दोन ओळींचं काम आहे.

लक्षण दुसरं: उत्तराच्या मागे सहा शून्यं

समजा मे महिन्यातल्या एका आठवड्याचं सोलापूरचं तापमान घेतलं: ४३, ४२, ४१, ४३, ४४, ४२, ४०. बेरीज २९५. सरासरी काढायची म्हणून पोरगा शहाणपणाने फ्लोट, म्हणजे पॉइंटवाला टाइप, घेऊन लिहितो:

इंट बेरीज = २९५;
फ्लोट सरासरी = बेरीज / ७;

उत्तर येतं ४२.००००००. यायला हवं ४२.१४२८५७. पॉइंटनंतर सहाच्या सहा शून्यं दिसली की समजायचं, भागाकार इंटमध्ये झाला आणि अपूर्णांक कापून टाकला गेला. जवळच्या आकड्याला राउंड केलं नाही बरं का, कापलंच. ४२.९९ असतं तरी ४२ च राहिलं असतं. वर जे लाँगचं झालं तेच इथे झालंय: डावीकडचा टाइप बघून उजवीकडचा हिशोब ठरत नाही. बेरीज इंट, ७ इंट, म्हणून भागाकार इंट. फ्लोट सरासरीला मिळतं ते कापलेलं, आणि ती आपल्या परीने त्याला शून्यं चिकटवते.

उपाय: ७ ऐवजी ७.० लिहा. किंवा (फ्लोट)बेरीज / ७. मात्र (फ्लोट)(बेरीज / ७) असं लिहिलं तर कंसातला भागाकार आधी उरकतो आणि पुन्हा ४२.००००००. कंसाची जागा एवढी महत्त्वाची आहे, आणि हे सांगूनही प्रत्येक बॅचमध्ये तिघे-चौघे कंस तिथेच घालतात.

याच रोगाचा जास्त महागडा अवतार म्हणजे टक्केवारी. बिलावर ५ टक्के जीएसटी धरू:

कर = बिल * (५ / १००);

५ भागिले १०० इंटमध्ये किती? शून्य. बिल कितीही असो, कर ०.००. वर्गात असं झालं की मी म्हणतो, आता हा प्रोग्राम टिळक चौकात नेऊन व्यापाऱ्यांना दाखव, हातोहात विकला जाईल. ५.० / १०० लिहा, काम झालं. कंस काढून बिल * ५ / १०० केलं तर शून्य येत नाही, पण बिल इंट असेल तर पैसे कापले जातातच, आणि टर्बोत असाल तर बिल गुणिले ५ ला पुन्हा पहिला रोग लागू शकतो.

कंपायलर इथे तुम्हाला वाचवत नाही. जीसीसीला सगळ्या वॉर्निंग चालू करून दिल्या तरी इंट भागिले इंटवर तो गप्प बसतो, कारण त्याच्या मते तुम्ही तेच मागितलं होतं. त्यामुळे सहा शून्यांची खूण डोळ्यानेच ओळखायला शिका.

लक्षण तिसरं: रुपयाचा फरक, पण काही केल्या जुळत नाही

हा माझा स्वतःचा किस्सा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची मजुरी मी सीमध्ये बसवून दिली. नगावर मजुरी, दर आठवड्याला वाटप. कामगाराचे नग, नगाचा दर, उचल वजा, हातात किती, असा साधा मामला. दर रुपये-पैशात होता म्हणून मी डोळे मिटून "फ्लोट" लिहिलं. पैसे आहेत, पॉइंट आहे, म्हणजे फ्लोट. कॉलेजात मलाही असंच शिकवलं होतं.

प्रत्येक कामगाराचा हप्ता पैशापर्यंत बरोबर यायचा. तक्रार आली ती वर्षअखेरीस. कारखान्यातले दिवाणजी अजून हाताने खतावणी ठेवत. त्यांची वर्षाची मजुरीची बेरीज आणि माझ्या प्रोग्रामची बेरीज यांत काही रुपयांचा फरक. मालक हसून म्हणाले, "सोडा की ओ सर, रुपया-दोन रुपयाला काय बघायचं." दिवाणजी हसले नाहीत. त्यांच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत कधी एक पैसा तुटला नव्हता, आणि बरोबर कोण आहे याबद्दल त्यांच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. मी दोन रात्री हप्त्याचा फॉर्म्युला तपासत बसलो. म्हणजे बघा, जी चूक पोरांना सांगतो तीच.

चूक "फ्लोट एकूण = ०;" या ओळीत होती. फ्लोट ४ बाइटचा असतो आणि त्याला साधारण सहा-सात आकडेच नीट लक्षात राहतात, मग पॉइंट कुठेही असो. हप्ता १८४३.७५ असेल तर सहा आकडे, आरामात मावले. पण एकूण मजुरी जसजशी वाढते तसतसे हे आकडे डावीकडे रुपयांतच खर्च होतात आणि पैशांना जागा उरत नाही. नेमकं सांगायचं तर ५,२४,२८८ रुपयांच्या पुढे फ्लोटची एक पायरी सव्वासहा पैशांची होते. ४१,९४,३०४ च्या पुढे ती पन्नास पैशांची, म्हणजे फ्लोटच्या खिशात आठ आण्यांपेक्षा सुटं नाणंच नसतं. १,६७,७७,२१६ वर तर असं होतं की त्यात १ रुपया मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च. खोटं वाटत असेल तर चार ओळींचा प्रोग्राम लिहून बघा. माझ्या प्रोग्राममध्ये दर हप्त्याला असा किंचित कुठे खालचा, कुठे वरचा पैसा गळत गेला, आणि वर्षभराने दिवाणजींच्या वहीसमोर उघडा पडला.

पहिला उपाय सोपा: फ्लोटच्या जागी डबल. ८ बाइट, पंधरा-सोळा आकडे. फरक दिसेनासा झाला. पण दिसेनासा होणं वेगळं आणि जाणं वेगळं. कॉम्प्युटर हे आकडे दोनच्या पटीत लिहितो, आणि ०.१० सारखी रक्कम त्याला तंतोतंत लिहिताच येत नाही, जशी आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. डबलमध्येसुद्धा ०.१ अधिक ०.२ आणि ०.३ यांची तुलना करा, समान नाहीत असं उत्तर येतं. म्हणून शेवटी मी सगळा हिशोब पैशात आणला. १८४३.७५ रुपये म्हणजे १८४३७५ पैसे, पॉइंटच नको. बेरीज इंटमध्ये, छापताना फक्त शंभराने भागून रुपये वेगळे आणि पैसे वेगळे. दिवाणजींच्या वहीशी पैशाला पैसा जुळला.

आणि लगेच दुसरा खड्डा. इंट ४ बाइटचा असला तरी पैशात मोजल्यावर त्याची कमाल मर्यादा होते २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. मजुरीला चालून गेलं, पण पुढच्या वर्षी मालकांनी त्याच प्रोग्राममध्ये विक्री पण टाका म्हटल्यावर सव्वादोन कोटींच्या अलीकडेच आकडा उलटला असता. यावेळी शहाणा झालो होतो, आधीच "लाँग लाँग" केलं. त्याची मर्यादा १९ आकडी आहे, ती सोलापुरात कोणाला पुरणार नाही अशी काळजी नको. छापायला "%एलएलडी". हा टाइप १९९९ च्या सीच्या नियमावलीत अधिकृत झाला, त्यामुळे टर्बोमध्ये शोधू नका, नाही मिळणार.

तेव्हा पैशाच्या हिशोबाला फ्लोट नको. तापमान, वजन, सरासरी यांना चालेल, तिथेही डबलच घ्या, काटकसर करायला आपल्याकडे मेमरी काही दुष्काळी नाही.

लक्षण चौथं: आज बरोबर, उद्या चूक

फंक्शनच्या आत "इंट एकूण;" असं लिहून लगेच लूपमध्ये "एकूण = एकूण + नग;" केलं की हे होतं. एकूणमध्ये सुरुवातीला शून्य असतं हा गैरसमज. त्या जागेवर आधी जे कोणी राहून गेलं त्याचा कचरा तिथे पडलेला असतो. भाड्याची खोली घेतल्यावर झाडू मारूनच सामान लावतो ना, तसं "इंट एकूण = ०;". मेन या मुख्य फंक्शनच्या बाहेर, सगळ्यांच्या वर डिक्लेअर केलेल्या व्हेरिएबलला मात्र सी स्वतः शून्य देतं, त्यामुळे कोड तिथून उचलून फंक्शनच्या आत आणला की इतके दिवस चाललेला प्रोग्राम अचानक बिघडतो.

यात वाईट गोष्ट ही की कचऱ्यात कधीकधी खरंच शून्य असतं. पोरगं दहा वेळा चालवून बघतं, बरोबर येतं, आणि परीक्षकासमोर अकराव्यांदा सात आकडी काहीतरी उगवतं.

लक्षण पाचवं: टाकलं एक, छापलं भलतंच

डबल व्हेरिएबल स्कॅनएफमध्ये "%एफ"ने वाचला तर ४ बाइटच भरले जातात आणि बाकीचे तसेच राहतात. आधी शून्य दिलेलं असेल तर तुम्ही दर २५०.५० टाका नाहीतर आणखी काही, छापताना ०.०० दिसेल. वाचताना डबलला "%एलएफ" हवं. छापताना मात्र "%एफ" चालतं, आणि या दुजाभावामुळेच सगळे गोंधळतात. तसंच फ्लोट "%डी"ने छापला की काहीही येतं.

असं का, हे समजावताना मी पोरांना जॅकार्डची आठवण करून देतो. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल जॅकार्डवर विणतात. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पंच केलेल्या पत्त्यांचा माग बसवला, आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी पत्त्यांची तीच कल्पना उचलली. म्हणजे आपल्या धंद्याचं आणि कॉम्प्युटरचं नातं तसं जुनंच. पत्त्यावर असतं काय? भोक आहे किंवा भोक नाही. एकटं भोक बघून मोर की वेल कोणी सांगू शकत नाही, ते ठरतं पत्ता कोणत्या मागावर कसा बांधलाय त्यावर. मेमरीतल्या बाइटचं असंच. ६५ हा आकडा "%डी"ने छापला तर ६५, "%सी"ने छापला तर इंग्रजी ए. भोकं तीच. डिक्लेअर करताना तुम्ही सांगता की ही भोकं कशी वाचायची, आणि "%" लिहिताना पुन्हा एकदा सांगता. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर माग बिचारा काय विणणार?

अवतरणातला '५' आणि साधा ५ यांचाही घोळ यातलाच. '५' हा कॅरॅक्टर, त्याचा कोड ५३. '५' + '५' म्हणजे १०६. आकडा हवा असेल तर त्यातून '०' वजा करा.

लक्षण सहावं: आकडे असूनही जे आकडे नाहीत

सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. कोडमध्ये "इंट एसटीडी = ०२१७;" लिहून छापा. १४३ येतं. टर्बो असो की जीसीसी, १४३ च. सीमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पटीतला मानला जातो: २ गुणिले ६४, १ गुणिले ८ आणि ७, मिळून १४३. शोभेसाठी पुढे शून्य लावायची आपली सवय इथे नडते. रोल नंबर ००७ पर्यंत बिनबोभाट चालतात, ००८ ला कंपायलर एरर देतो, कारण आठच्या पटीत ८ हा अंकच नाही, आणि ०१० गुपचूप ८ होतो. एका पोराच्या यादीत आठ नंबरचे दोघे झाले होते, दहा नंबरचा गायब.

मोबाइल नंबर इंटमध्ये मावत नाही हे तर वर आलंच, ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर २१४ कोटींच्या कितीतरी पुढे आहे. पण मावला असता तरी ठेवू नये. मी साधा प्रश्न विचारतो: या आकड्याची कधी बेरीज करणार आहात का? पिनकोड, फोन, रोल नंबर, एमएच १३ पासूनचा गाडीचा नंबर, यांची कोणी बेरीज करत नाही. मग ते कॅरॅक्टर ॲरेमध्ये ठेवा, म्हणजे "चार पिन[७];". पिनकोड सहा आकडी असून सात का? शेवटी स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून एक जागा लागते. ती न दिल्याने पिनकोडच्या मागे शेजारच्या व्हेरिएबलचं शेपूट छापलेलं मी शेकडो वेळा बघितलंय. आणि "चार नाव;" लिहून त्यात अख्खं नाव बसवायला जाऊ नका, तिथे एकच अक्षर मावतं.

कंपाइलच होत नसेल तर

ते तुलनेने सुखाचं दुखणं, कंपायलर ओळ नंबर तरी सांगतो. टर्बोमध्ये "डिक्लेरेशन इज नॉट अलाउड हिअर" आलं तर मधेच डिक्लेअर केलंय. जुन्या सीत सगळी व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच हवीत, फॉर लूपच्या कंसात "इंट आय = ०" सुद्धा चालत नाही. "अनडिफाइन्ड सिम्बॉल" आलं तर स्पेलिंग बघा, मुख्यतः कॅपिटल-स्मॉल. वर कॅपिटलने बिल आणि खाली स्मॉलने बिल, सीला ही दोन वेगळी माणसं.

आता तपासायची रीत. घरी जीसीसी असेल तर कंपाइल करताना हायफन डब्ल्यू ऑल आणि हायफन डब्ल्यू एक्स्ट्रा हे दोन्ही पर्याय लावूनच करा. शून्य न दिलेलं व्हेरिएबल आणि चुकलेलं "%" बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं. लिनक्सवर असाल तर हायफन एफसॅनिटाइझ इक्वल टू अनडिफाइन्ड लावून चालवा, इंट ओसंडला की कोणत्या ओळीवर ओसंडला ते पडद्यावर येतं. टर्बोवाल्यांना यातलं काही नाही, त्यांनी प्रत्येक व्हेरिएबलसमोर वहीत लिहावं की यात जास्तीत जास्त किती आकडा येऊ शकतो. मी अजूनही लिहितो. त्या टॉवेल कारखान्यानंतर सवय लागली.

एवढं करूनही सुटलं नाही तर वर्गाच्या ग्रुपवर टाका, पण फॉर्म्युल्याच्या ओळीला लाल गोल करून फोटो पाठवू नका. मला हवं ते असं: मेनपासूनच्या पहिल्या सगळ्या डिक्लेरेशनच्या ओळी, स्कॅनएफ आणि प्रिंटएफच्या ओळी जशाच्या तशा, कंपायलर कोणता, साइझऑफ इंटने २ छापलं की ४, आणि कोणता आकडा टाकल्यावर काय आलं. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी हे सगळं पाठवलं होतं. ३७५०० बरोबर येत होतं, आता तिच्या वडिलांना नगावर बारा टक्के सूट बसवून हवी होती आणि सूट ०.०० दाखवत होती. तिने खाली स्वतःच लिहिलं होतं, "सर, बहुतेक दोन नंबरचं लक्षण."